घरच्या फिश टँकमधलं शेवाळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी टाकी दोन फुटी आहे, २४ बाय १२ बाय १२ इंच. हिशेबाने ५६ लिटर होतात, पण खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली तर पाणी साधारण ४५ लिटर. खालची सगळी मापं याच आकाराची आहेत. तुमची टाकी वेगळी असेल तर त्रैराशिक मांडा. ओळखीतली मंडळी फोटो पाठवून जे विचारतात तेच प्रश्न इथे एकत्र केलेत. बहुतेक उत्तरं फिरून फिरून दिव्याच्या बटणापाशी आणि दाण्यांच्या डबीपाशी येतात, हे आधीच सांगून ठेवतो.

टाकी आणून महिनासुद्धा झाला नाही आणि काचेवर, खडीवर तपकिरी थर आलाय. काय चुकलं?

काही नाही. ही डायटम, म्हणजे बारीक तपकिरी शेवाळाची एक जात. नव्या टाकीत ती येतेच. बोट फिरवलं की धुळीसारखी निघते. टाकीतले जीवाणू अजून बसलेले नसतात, नव्या वाळूतून आणि पाण्यातून सिलिका मिळत असते, त्यावर ती पोसते. काच पुसा, आठवड्याला थोडं पाणी बदला आणि थांबा. दीड-दोन महिन्यांत ती आपोआप ओसरते. या काळात घाईने औषध टाकणारे लोक पुढे वर्षभर औषधंच टाकत बसतात, असा माझा अनुभव आहे.

मुळात शेवाळ येतं कशामुळे?

त्याला उजेड आणि खत लागतं, म्हणजे झाडांना जे लागतं तेच. माशांची विष्ठा आणि उरलेले दाणे कुजून अमोनिया होतो, जीवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि पुढे नायट्रेट. दाण्यांतून फॉस्फेटही येतं. टाकीत जोमाने वाढणारी झाडं असली तर ती हे ओढून घेतात. झाडं नसली, किंवा दोन प्लॅस्टिकची वेली आणि एक बुडबुडे सोडणारा पाणबुड्या एवढाच संसार असला, तर सगळं शेवाळाला आंदण.

उजेड मात्र सगळ्यात आधी बघायचा, कारण तो आपल्या हातात आहे. नायट्रेट शून्यावर आणायला गेलात तर आधी झाडं मरतील, शेवाळ नाही. शेवाळाचं भागायला चिमूटभर पुरतं.

दिवा किती तास ठेवावा?

शेवाळाचा त्रास असेल तर रोज ६ तास. त्रास नसेल तर ७-८. याहून जास्त नको. मासे दिसावेत म्हणून सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत दिवा चालू असलेली घरं मी खूप पाहिली आहेत, ते १५-१६ तास होतात. माशांना दिव्याची गरज नसते, खोलीतला उजेड त्यांना पुरतो.

टायमर घ्या. इलेक्ट्रिकच्या दुकानात प्लगमध्ये बसणारा साधा फिरत्या चकतीचा टायमर मिळतो. दिवसातले तास अशा वेळी लावा की तुम्ही घरी असाल, म्हणजे संध्याकाळी ४ ते १०. वीज गेली की चकती थांबते आणि वेळ पुढे सरकते, तेवढं महिन्यातून एकदा बघायचं. शेवाळावर मी आजवर जेवढे पैसे घातले त्यांत सगळ्यात सत्कारणी लागलेले हेच.

आणि टाकी खिडकीत असेल तर टायमर लावूनही उपयोग नाही. सकाळचं तासभर थेट ऊनसुद्धा पुरेसं होतं. टाकी हलवणं शक्य नसेल तर मागच्या आणि खिडकीकडच्या काचेला बाहेरून काळा कार्डपेपर लावा. दिसायलाही बरं दिसतं, माशांचे रंग उठून येतात.

पाणीच हिरवंगार झालंय. निम्मं बदललं तरी दोन दिवसांत परत तसंच. आता?

हे तरंगतं शेवाळ. एकेक पेशी इतकी बारीक असते की फिल्टरच्या स्पंजमधून सरळ आरपार जाते. टाकीच्या मागे हात धरला तर बोटं दिसत नाहीत, पातळ केलेल्या कोथिंबिरीच्या चटणीसारखं पाणी. निम्मं काढलं तर उरलेल्या पेशी दुप्पट व्हायला फार वेळ घेत नाहीत, शिवाय नव्या पाण्यातून थोडं ताजं खतही मिळतं. म्हणून नुसतं पाणी बदलून हे हटत नाही.

अंधार करा. पहिल्या दिवशी निम्मं पाणी बदला, दिवा काढून टाका, टाकीला चहूबाजूंनी जाड चादर किंवा घोंगडी गुंडाळा. फटीतून उजेड येता कामा नये. एअर पंप चालूच ठेवायचा, हे विसरू नका, कारण अंधारात शेवाळ आणि झाडं दोन्ही ऑक्सिजन वापरतात आणि मरणारं शेवाळ कुजताना आणखी वापरतं. खायला घालू नका. धडधाकट मोठ्या माशांना तीन दिवसांच्या उपासाने काही होत नाही. चौथ्या दिवशी चादर काढा आणि लगेच पुन्हा निम्मं पाणी बदला, म्हणजे मेलेलं शेवाळ कुजायच्या आत बाहेर जाईल. मधे चादर उचलून डोकावायचं नाही. आमच्या घरी पहिल्या वेळी प्रत्येकाने 'एकदाच बघतो' म्हणून बघितलं आणि सगळं परत करावं लागलं.

खर्च करायची तयारी असेल तर यूव्ही दिवा असलेला फिल्टर आठवड्याभरात पाणी काचेसारखं करतो. मात्र काचेवर चिकटलेल्या शेवाळावर त्याचा काही परिणाम नाही, ते त्याच्यातून जातच नाही.

एक गोष्ट सांगायला हवी: हिरवं पाणी माशांना सहसा बाधत नाही. पिल्लं वाढवणारे लोक तर ते मुद्दाम तयार करतात. त्रास आहे तो आपल्या डोळ्यांना.

तुरटी फिरवू का? मीठ टाकू का?

तुरटी नको. आजी माठात फिरवायची ती माणसांना पिण्यासाठी. तुरटीने गाळ खाली बसतो खरा, पण पाण्याची आम्लता बदलते आणि मासे धापा टाकायला लागतात. मीठही नको. शेवाळ मरेल इतकं मीठ टाकलंत तर त्याआधी झाडं आणि गोगलगाई जातील.

पाणी किती आणि कसं बदलायचं?

आठवड्याला पाव भाग. माझ्या टाकीत म्हणजे ११-१२ लिटर, पाऊण बादली. नळीने काढताना टोक खडीत खुपसून काढा, म्हणजे खालचा कचराही उपसला जातो. वरवरचं स्वच्छ पाणी काढून स्वच्छ पाणी घालण्यात श्रम तेवढे होतात. पालिकेचं पाणी बादलीत उघडं एक दिवस ठेवलं की त्यातला साधा क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेटचे थेंब मिळतात.

बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर ते बहुतेक वेळा जड असतं. आपल्या काळ्या पाषाणातून आलेलं. सोसायटीच्या नळाला कधी पालिकेचं, कधी टँकरचं येत असेल तर झाडं एकसारखी वाढत नाहीत आणि मधल्या मधे शेवाळाचं फावतं. शक्य असेल तर एकाच प्रकारच्या पाण्यावर राहा. आणि उन्हाळ्यात पाणी आटलं म्हणून नुसती भर घालत राहू नका. आटतं ते फक्त पाणी, क्षार आणि नायट्रेट मागेच राहतात. भर घातली म्हणजे पाणी बदललं असं होत नाही.

दिवसातून किती वेळा खायला घालावं?

एकदा, आणि दोन मिनिटांत संपेल इतकंच.

इथे थोडं घरचं सांगतो. आमच्याकडे बाबा सकाळी पेपर वाचता वाचता दाणे टाकायचे, मुलगी शाळेतून आली की टाकायची आणि मी ऑफिसातून आलो की मीही. तिघांनाही मनापासून वाटायचं की मासे उपाशी आहेत, कारण काचेजवळ गेलं की ते तोंडं उघडतच येतात. मासा सवयीने येतो, भुकेने नाही, हे बाबांना पटवायला मला चार महिने लागले. शेवटी डबीला एक कागद चिकटवला, ज्याने टाकलं त्याने खूण करायची. नंतर बाबांनीच ठरवलं की एकादशीला माशांनाही उपास. तेव्हापासून आमच्या टाकीत महिन्यातून दोन कडकडीत एकादश्या होतात, आणि काच पंधरा दिवसांऐवजी महिन्यातून एकदा पुसावी लागते.

काचेवर कडक हिरवे ठिपके बसलेत, घासूनही निघत नाहीत.

काचेच्या टाकीवर साधं दाढीचं ब्लेड किंवा जुनं एटीएम कार्ड तिरपं धरून खरवडा. अॅक्रिलिकची टाकी असेल तर ब्लेड लावू नका, ओरखडे पडतात. चुंबकाचा घासणारा वापरत असाल तर वाळूचा एक कण त्यात अडकला तरी काचेवर कायमची रेघ उठते, म्हणून खालची दोन इंच जागा सोडा. साबण, भांड्यांची वडी, तारेची घासणी यांतलं काहीही टाकीत नको. झाडांच्या जुन्या पानांवर हे ठिपके आले तर पान कापून टाका. भरपूर झाडं असलेल्या टाकीत फॉस्फेट फारच कमी पडलं तरी हे ठिपके येतात, पण घरगुती टाकीत दाण्यांचा पुरवठा बघता तशी वेळ क्वचित.

केसांसारखं लांब हिरवं शेवाळ झाडांत गुंतलंय.

जुना टूथब्रश घ्या आणि शेवया काट्यावर गुंडाळतात तसं फिरवून ओढून काढा. हातानेच काढायचं, दुसरा मार्ग नाही. मग दिवा ६ तासांवर आणा.

अनुबियासच्या पानांच्या कडांवर काळी दाढी उगवली आहे. ब्रशनेही जात नाही.

याला काळी दाढीच म्हणतात. दिसायला काळं असलं तरी जातीने हे लाल शेवाळ आहे. पान फाटेल पण हे निघणार नाही. जिथे पाण्याचा झोत लागतो तिथे, फिल्टरच्या तोंडाशी, लाकडावर आणि सावकाश वाढणाऱ्या पानांवर ते धरतं. कार्बन डायऑक्साइड कमी-जास्त होत राहिला आणि खडीत कचरा साठला की हमखास येतं.

औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड यावर चालतं. पण बाटलीवरची टक्केवारी आधी वाचा. आपल्याकडे ३ टक्क्यांचं आणि ६ टक्क्यांचं अशी दोन्ही मिळतात, आणि परदेशी व्हिडिओत सांगितलेली मापं ३ टक्क्यांची असतात. ४५ लिटरला ३ टक्क्यांचं १० मिलि, ६ टक्क्यांचं असेल तर ५ मिलि, याहून जास्त एका दिवशी नाही. फिल्टर बंद करा, पाणी स्थिर होऊ द्या. सुई काढलेल्या सिरिंजमध्ये औषध घ्या, टोक दाढीला अगदी चिकटवून हळूहळू सोडा. लगेच बारीक बुडबुड्यांची माळ सुटायला लागते, फोडणी तडतडावी तशी. दहा मिनिटांनी फिल्टर चालू करा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काळी दाढी गुलाबी पडते, मग पांढुरकी, आणि माशांना ती तेव्हा चविष्ट लागते बहुधा, कारण टोचून टोचून संपवतात. मी अर्ध्या पानावर करून उरलेलं पुढच्या आठवड्यावर ठेवतो. एकाच दिवशी सगळ्या टाकीभर शिंपडू नका. मॉस आणि वॅलिस्नेरिया ही झाडं याने खराब होतात, कोळंबी असेल तर आणखी जपून.

लाकूड किंवा दगड असेल तर सोपं आहे. बाहेर काढा, पेरॉक्साइड लावून पाच मिनिटं ठेवा, धुवून परत ठेवा.

खडीवर निळसर हिरवी बुळबुळीत साय आलीय आणि वास येतो.

ओल्या मातीसारखा कुबट वास असेल आणि साय पापुद्र्यासारखी अख्खी निघत असेल तर ते शेवाळ नाहीच. सायनोबॅक्टेरिया आहे, म्हणजे जीवाणू. नळीने ओढून काढा, खडी साफ करा, तिथे पाणी खेळतं राहील असं फिल्टरचं तोंड वळवा आणि वर सांगितलेला तीन दिवसांचा अंधार करा. काही लोक अँटिबायोटिकच्या गोळ्या कुटून टाकायला सांगतात. त्याने ती जाते, पण फिल्टरमधल्या चांगल्या जीवाणूंनाही धक्का बसू शकतो, आणि माणसांची औषधं अशी गटारात सोडणं मला पटत नाही.

दुकानदाराने 'सकर फिश घ्या, सगळं शेवाळ खातो' असं सांगितलं. घेऊ?

नका घेऊ. दुकानात दोन इंचांचा, काचेला चिकटलेला, गोजिरवाणा दिसतो. हा दक्षिण अमेरिकेतला चिलखती मांजरमासा, आणि तो दीड फुटाच्या जवळपास वाढतो. दोन फुटी टाकीत त्याला वळतासुद्धा येणार नाही. लहानपणी तो शेवाळ खरवडतो, मोठा झाला की दाणे खायला शिकतो आणि शेवाळाकडे ढुंकूनही बघत नाही. उलट विष्ठा इतकी करतो की शेवाळाला खतच मिळतं. म्हणजे शेवाळ घालवायला आणला आणि शेवाळ वाढवून बसला.

मग माणसं काय करतात? मारवत नाही, म्हणून तळ्यात किंवा नदीत सोडून येतात. पुण्य केल्यासारखं वाटतं. उजनीच्या जलाशयात आज हे मासे मच्छीमारांच्या जाळ्यात येतात, अंगावरच्या काट्यांनी जाळी फाटतात, आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. आंध्र, केरळ, कोलकात्याची पाणथळ, सगळीकडे तीच कथा. तुमच्याकडे आधीच मोठा झालेला असेल तर दुकानदाराला परत द्या किंवा मोठी टाकी असलेला कोणी शोधा. पाण्यात सोडू मात्र नका.

मग कोण खातं शेवाळ?

दोन फुटी टाकीसाठी माझी पहिली पसंती नेराइट गोगलगाय. दोन पुरतात. काच आणि दगड चाटूनपुसून ठेवतात. तिळासारखी पांढरी अंडी मात्र सगळीकडे चिकटवतात. ती गोड्या पाण्यात फुटत नाहीत, त्यामुळे गोगलगाईंची फौज होण्याची भीती नाही.

केसाळ शेवाळासाठी अमानो कोळंबी. जपानच्या ताकाशी अमानो यांनी ती आपल्या झाडांच्या टाक्यांत वापरून प्रसिद्ध केली, म्हणून त्यांचं नाव. चेरी कोळंबी स्वस्त आणि घरातच वाढते, पण काम कमी करते. टाकीत एंजल किंवा सिक्लिड असतील तर कोळंबी म्हणजे त्यांचा महागडा नाश्ता. मोली मासेही पृष्ठभागावरचा तवंग आणि मऊ शेवाळ टोचत राहतात, त्यांची कोणी फारशी स्तुती करत नाही.

काळी दाढी खाणारा म्हणून सयामी अल्जी ईटर नावाजलेला आहे, पण त्याच्या नावावर दुकानात भलतेच मासे खपवतात. खऱ्याची काळी पट्टी शेपटीच्या थेट टोकापर्यंत जाते आणि पर पारदर्शक असतात. पट्टीवर सोनेरी रेघ आणि परांना लाल-काळ्या कडा असतील तर तो फ्लाइंग फॉक्स. गोल चिकटणारं तोंड असेल तर चायनीज अल्जी ईटर, जो मोठेपणी दुसऱ्या माशांच्या अंगावरचा चिकट थर ओरबाडतो. खरा सयामीसुद्धा ५-६ इंचांचा होतो, तेव्हा तीन फुटी टाकीचाच विचार करून आणा.

जाता जाता: दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारा मासा आपल्या नद्यांत आहेच. गारा मुल्या, आपल्याकडचा मल्या. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं छापली तेव्हा बोलीतलं नावच शास्त्रीय नावात गेलं. ओढ्यातून धरून आणू नका, त्याला वाहतं, थंड पाणी लागतं. पण पावसाळ्यानंतर ओढ्याच्या स्वच्छ पाण्यात दगडांना चिकटलेला दिसला तर जरा वेळ थांबून बघा.

बाटलीतलं शेवाळनाशक टाकलं तर?

आठवडाभर छान दिसेल. यांतल्या बऱ्याच औषधांत तांबं असतं, ते गोगलगाई आणि कोळंबी मारतं. शेवाळ एकदम मेलं की कुजून अमोनिया वाढतो आणि ऑक्सिजन घटतो. आणि मेलेल्या शेवाळातलं खत पाण्यातच राहतं, त्यावर पुढची पिढी उगवते. 'लिक्विड कार्बन' म्हणून मिळतं त्यात बहुधा ग्लुटारल्डिहाइड असतं, इस्पितळात उपकरणं निर्जंतुक करायला वापरतात ते. वापरायचंच तर हातमोजे घालून, बाटलीवरच्या मापाच्या निम्म्याने सुरुवात.

झाडं कोणती लावू? मला खत, कार्बन डायऑक्साइडचा गॅस वगैरे जमणार नाही.

हायड्रिला, हॉर्नवर्ट, वॉटर स्प्राइट. मिळेल ते, भरपूर, पहिल्याच दिवसापासून. आणि मनीप्लांट. गॅलरीतल्या वेलाची एक फांदी तोडा, पानं बाहेर आणि मुळं पाण्यात राहतील अशी टाकीच्या कडेला किंवा फिल्टरच्या खोक्यात खोचा. पानांना हवेतला कार्बन डायऑक्साइड फुकट मिळत असल्याने वाढ जोरात होते आणि मुळं नायट्रेट खेचत राहतात. दोन महिन्यांत मुळांची पांढरी दाढी लोंबायला लागते, पिल्लं तिच्यात लपतात. पानं पाण्यात बुडू देऊ नका, कुजतात.

वीज वाचवायला रात्री फिल्टर बंद करतो, चालेल?

नाही. फिल्टरच्या स्पंजमध्ये जीवाणू असतात, त्यांना सतत ऑक्सिजनवालं पाणी लागतं. रात्रभर बंद राहिला तर ते मरायला लागतात आणि सकाळी चालू केल्यावर ती घाण टाकीत येते. बंद करायचाच तर दिवा करा. स्पंज धुतानाही नळाखाली धरू नका, टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळा.

कंटाळून सगळी टाकी रिकामी करून उकळत्या पाण्याने धुतली, तर?

पहिल्या प्रश्नाकडे परत या. तपकिरी थरापासून सुरुवात.

उन्हाळ्यात जास्त होतं का?

होतं. विदर्भात मे महिन्यात टाकीचं पाणी ३३-३४ अंशांवर जातं. ऊबेत शेवाळ वाढतं आणि पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. टाकीचं झाकण काढून टेबलफॅनचा वारा पाण्यावरून जाऊ द्या, दोन-तीन अंश उतरतात. मासे उड्या मारणारे असतील तर वर मच्छरदाणीची जाळी.

दिवाळीत आठ-दहा दिवस गावाला जातोय. काय करू?

जायच्या आदल्या दिवशी पाव भाग पाणी बदला, टायमर ४ तासांवर आणा, फिल्टर चालू ठेवा. दुकानात पांढरा, हळूहळू विरघळणारा खाऊचा खडा मिळतो, तो टाकू नका. मोठे, निरोगी मासे आठवडाभर सहज राहतात. शेजारच्या काकूंना चावी देणार असाल तर दाणे कागदाच्या पुड्यांत मोजून ठेवा, तीन दिवसांआड एक पुडी, आणि डबी कपाटात कुलूपबंद.